सहावी बाजू

आप्पांच्या पंचाहत्तरीचा केक पाहुणा यायच्या आतच कापून, वाटून, जवळपास खाऊन झाला होता. जेवण अजून शेगडीवर होतं. घरात कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. इथे गोड आधी, जेवण मग. दादा शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसला तेव्हा पास झाल्याची पार्टी पेपर सुरू व्हायच्या आधीच देण्यात आली होती. पुढे निकाल लागला तेव्हा फारसं कोणी खचलं नाही, कारण आनंद आधीच उरकलेला होता. तोच दादा आता विमा कंपनीत होता आणि गिऱ्हाइकांचं सांत्वन अपघाताच्या आधी करत असे. धंदा उत्तम चालला होता.

धाकटी खिडकीत उभी राहून रस्ता बघत होती. ती लिफ्टची तपासनीस. कुठल्याही इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरून, दोर तपासून, शेवटच्या मजल्याचं बटण बेधडक दाबणारी बाई. आज मात्र तिच्या पोटातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती.

"येईल गं," वहिनी टेबल पुसत म्हणाली. "बासून पाठीवर घेऊन चालायचं म्हणजे वेळ लागणारच. केवढं असतं ते?"

"जोडल्यावर माझ्या खांद्यापर्यंत येतं."

"आणि एवढ्या मोठ्या लाकडी नळीतून तो एवढासा आवाज काढतात?"

"एवढासा काय! घरातला शेवटचा शब्द आहे तो."

"तेही खरंच," वहिनी म्हणाली आणि तिने भिंतीवरच्या रेकॉर्डींच्या मोठ्या डब्याकडे आदराने पाहिलं.

बैठकीच्या खोलीच्या दोन भिंती दोन राज्यांसारख्या होत्या. डावी भिंत आप्पांची. तिच्यावर सिंफन्या, चार वाद्यांच्या चौकड्या, ऑपेरा, सगळे बॉक्स सेट उंचीप्रमाणे लावलेले. उजवी भिंत माईची. तिच्यावर जॅझ. माईच्या रेकॉर्डी हाताला लागतील तशा खोचलेल्या असत आणि हवी ती तिला डोळे मिटून सापडत असे. आप्पा या भिंतीला 'तिकडे' म्हणत. मधोमध, दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, दाताच्या डॉक्टरची खुर्ची होती. दवाखाना बंद केला तेव्हा आप्पांनी घरी आणलेली ती एकच वस्तू. गुळण्या टाकायचं भांडं तेवढं माईने काढायला लावलं होतं.

आणि डाव्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या रेषेत, मोठा डबा. एकच लांबलचक सिंफनी, तीन रेकॉर्डी, सहा बाजू. आप्पांनी तो कॉलेजात असताना घेतला होता आणि घेतल्या घेतल्या त्यांच्या लक्षात आलं होतं की कंपनीने बाजूंचे आकडे चुकीचे छापलेत. पहिल्या रेकॉर्डीवर एका अंगाला 'एक' आणि दुसऱ्या अंगाला चक्क 'सहा'! पुढे दवाखाना काढल्यावर त्यांनी दातांच्या साच्यांवर चिकटवायच्या पांढऱ्या चिठ्ठ्या घेतल्या, त्यांवर आपल्या हाताने एक ते सहा ओळीने लिहिले आणि कंपनीची चूक कायमची दुरुस्त केली.

त्या दुरुस्त क्रमात पहिली बाजू हळूच सुरू होई. रेकॉर्ड उलटली की दुसऱ्या बाजूला एकदम ढोल, घंटा आणि शंभर गळ्यांचा कोरस, जणू छप्पर उडणार. मग उरलेल्या चार बाजू संगीत शांत होत जाई आणि अगदी शेवटी सगळे वादक गप्प झाल्यावर एकटं बासून खर्जात चार वाक्यं बोलून थांबे. आप्पा यावर दर वर्षी श्रोता मंडळात व्याख्यान देत. "या माणसाने शेवट दुसऱ्याच बाजूला उरकून टाकला. का? तर शेवटाची धास्ती गेली की माणूस मोकळा होतो. मग निवांत जगा!" मंडळ मान डोलवी. मंडळातल्या बऱ्याच कवळ्या आप्पांनीच बसवलेल्या होत्या.

घराची सगळी रीत या डब्यातून निघाली होती. दवाखान्यातसुद्धा आप्पा आधी "सुटलात, अभिनंदन!" म्हणत आणि मग पकड उचलत. दर वाढदिवसाला माई सोडून सगळ्यांनी बसून डबा अख्खा ऐकायचा आणि बासून थांबेपर्यंत कोणी उठायचं नाही, हा नियम. घरात नव्याने येणाऱ्या माणसाने तो खुर्चीत आडवं पडून ऐकायचा, हा पोटनियम. वहिनी तिच्या वेळी तिसऱ्या बाजूलाच झोपली होती. आप्पांनी ती समाधी समजून तिला पूर्ण गुण दिले.

दुसरं रेकॉर्डिंग घरात कधी आलंच नाही. एका कृतीचा एकच डबा, दुसरा आणणं म्हणजे पहिल्याचा अपमान, हे आप्पांचं तत्त्व. मैफलीला ते जात नसत, कारण लोक खोकतात. एकदा रेडिओवर ही सिंफनी लागली तेव्हा त्यांनी केंद्राला फोन करून 'तुमच्या रेकॉर्डी उलटसुलट झाल्या आहेत' असं सौजन्याने कळवलं होतं.

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात धाकटी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा मैफलीला गेली, तेव्हा जे व्हायचं ते झालं. कोरस दुसऱ्या क्रमाला येण्याऐवजी सगळ्यात शेवटी आला. बासून मधेच कुठेतरी बोलून गप्प झालं, आणि त्याच्यावर पुढे तासभर गोंगाट. धाकटी संतापून रंगमंचामागे गेली आणि बासून पुसत बसलेल्या माणसाला म्हणाली, "तुम्ही लोकांनी क्रम चुकवलात. शेवटचं तर तुमचं असतं!"

त्याने वर पाहिलं. पंधरा वर्षांत बासून ऐकायला म्हणून त्याच्याकडे कोणी आलं नव्हतं. "खरं म्हणजे," तो म्हणाला, "असायला हवं."

चूक कोणाची हे तिला त्याच आठवड्यात कळलं. आणि हेही कळलं की या माणसाशी आपण लग्न करणार. यातलं दुसरं तिने घरी सांगितलं.

या घरात होकार आधी, ओळख मग. वहिनीला तर नाव विचारायच्या आधीच फोनवर 'हो' मिळालं होतं. पण बासूनवाल्याचं ऐकल्यावर आप्पा जन्मात पहिल्यांदा "बघू" म्हणाले होते. "वाजवणाऱ्यांना ऐकायची सवय नसते. डबा ऐकू दे, मग सांगतो."

"काही झालं तरी क्रमाबद्दल बोलायचं नाही," तिने त्याला बजावलं होतं. "आप्पांचं अख्खं आयुष्य त्या क्रमावर उभं आहे."

"त्यांनी विचारलं तर?"

"विचारणार नाहीत. ते सांगतात."

दारावरची घंटा वाजली. बासूनवाला आत आला, पाठीवरची पेटी उतरवून आप्पांच्या पाया पडायला वाकणार, तोच आप्पा म्हणाले, "आधी आ करा."

त्याने आ केला.

"वर डावीकडे दाढ किडतेय. फुंकताना कळ येते?"

"वरच्या सुरांना येते."

"खर्जात राहा," आप्पा म्हणाले आणि त्याला खुर्चीत बसवून त्यांनी पायाने खटका दाबला. पाहुणा सावकाश आडवा झाला. त्या अवस्थेत त्याच्या हातात केकची बशी देण्यात आली. माई कौतुकाने म्हणाली, "चेहरा बरा आहे. उताणा पण बरा दिसतो."

"आता माझं प्रेझेंट," दादा म्हणाला. त्याने सोफ्यामागून एक विटेएवढं पार्सल काढलं. आप्पांनी कागद फाडला. आत काळा चकचकीत नवा बॉक्स सेट होता. मोठ्या डब्याचाच वाद्यवृंद, तोच संचालक.

आप्पांचा चेहरा पडला. "अरे, एका कृतीचा..."

"दुसरा नाहीच हा, आप्पा! तेच वादक, तेच गळे, तेच रेकॉर्डिंग. मूळ फितीवरची धूळ काढून सीडी बनवल्यात. तुमचाच डबा आहे, फक्त आंघोळ घातलेला."

आप्पांनी डबा उलटसुलट करून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "मग आज हाच लावायचा!"

धाकटीच्या हातातला काटा बशीवर खणकन पडला. खुर्चीतून पाहुण्याने मान वळवायचा प्रयत्न केला, पण ती खुर्ची माना वळू नयेत म्हणूनच बनवलेली होती.

"नको आप्पा," ती म्हणाली. "जुनाच लावू. परंपरा आहे आपली."

"तुला कधीपासून परंपरेचा पुळका?" माई म्हणाली.

"मलाही जुनाच बरा वाटतो," वहिनी म्हणाली. "सीडीला बाजू उलटावी लागत नाही. खुडबुड झाली नाही तर मला जाग कशी येणार?"

"म्हणजे मी आणलेलं काहीच आवडून घ्यायचं नाही," दादा फुरंगटला. "महिनाभर शोधत होतो. तू पण तिच्याच बाजूची?"

"मी कोणाच्याच बाजूची नाही रे, मी झोपेच्या बाजूची."

"दादा, उद्या ऐकू ना तुझा," धाकटी म्हणाली. "परवा ऐकू. रोज ऐकू."

"पुरे!" आप्पा म्हणाले. "वाढदिवस माझा आहे. लाव रे."

दादाने विजयी मुद्रेने सीडी सरकवली. पहिला भाग सुरू झाला, आणि धाकटीच्या लक्षात आलं की ती पायांच्या बोटांनी सतरंजी धरून बसली आहे. आवाज खरोखरच सुंदर होता. तंतुवाद्यांवरचं धुकं गेलं होतं. जिथे इतकी वर्षं नुसती खरखर होती तिथे एक बासरी निघाली. आप्पा डोळे मिटून डोलत होते. पहिला भाग संपत आला तसा त्यांनी उजवा हात वर केला. आता ढोल, घंटा, कोरस. दर वर्षी तो हात कोरसाच्या पहिल्या ठोक्याबरोबर खाली येई आणि टेबलावरचे पेले नाचत.

हात वर गेला. खोलीत सगळ्यांनी आपापला पेला धरला.

आणि स्पीकरमधून एक नाजूक, चालत चालत फुलं वेचल्यासारखी धून निघाली.

आप्पांचा हात वरच राहिला. वर्गात उत्तर येत असूनही बाईंनी न विचारलेल्या मुलासारखा.

"ही बिघडलीय," ते म्हणाले.

"नवी आहे, आप्पा."

"मग नवी बिघडलेली असेल. हा तिसरा भाग आहे. शेवट कुठे गेला?"

दादाने पुस्तिका चाळली. "शेवट... शेवटी दाखवलाय."

"पुन्हा तोच घोळ! आमच्या वेळीही यांनी आकडे चुकवले होते. इतक्या वर्षांत अक्कल आली नाही." आप्पा खुर्चीकडे वळले. "तुम्ही सांगा हो. तुम्ही तर वाजवता. याचा शेवट कुठे येतो?"

दाताच्या खुर्चीत आडवं पडून खोटं बोलणं फार अवघड असतं. तिथे माणसाला आयुष्यभर फक्त 'आ' म्हणायची सवय. बासूनवाल्याने एकदा छताकडे पाहिलं, एकदा डोळ्यांच्या कोपऱ्यातून धाकटीकडे, आणि तिला दिसलं की हा तिच्यासाठी आता खोटं बोलणार. आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा तो ही सिंफनी वाजवेल तेव्हा तेव्हा त्याला ते आठवणार.

"त्यांना विचारू नका, आप्पा," ती म्हणाली. "मी सांगते. शेवट शेवटीच आहे. मी मैफलीत ऐकलंय. रेडिओवाले बरोबर होते, कंपनीही बरोबर होती. आपला डबा..." तिला पुढचा शब्द सापडेना. "आपला डबा वेगळा आहे."

दादाने सीडी थांबवली. धाकटीला वाटलं, झालं, दोर तुटला.

"आप्पा, मी जरा बघू?" वहिनी उठली. ती शाळेत गणित शिकवायची आणि इतकी वर्षं त्या डब्याला घाबरून होती. तिने रेकॉर्डी काढून टेबलावर मांडल्या आणि नखाने पांढऱ्या चिठ्ठ्या एकेक करून उचलल्या. "पहिल्या रेकॉर्डीवर एक आणि सहा. दुसरीवर दोन आणि पाच. तिसरीवर तीन आणि चार." ती थबकली. "बेरीज प्रत्येक वेळी सात. आप्पा, चूक इतकी नीटनेटकी नसते. माझ्या वर्गात तरी नसते."

"ते चळतीचं यंत्र असेल," माई म्हणाली. ती रिकाम्या बशा गोळा करत होती.

सगळे तिच्याकडे वळले.

"आमच्या बाबांकडे होतं की. मधल्या खुंटीवर रेकॉर्डींची चळत चढवायची. एक संपली की वरची आपोआप धपकन खाली. एक, दोन, तीन. मग अख्खी चळत उचलून उलटी करायची की चार, पाच, सहा. उठबस नको. त्यासाठीच असे आकडे घालायचे."

"आणि हे तू मला आज सांगतेस?" आप्पा म्हणाले.

"तुम्ही चिठ्ठ्या लावल्यात हे मला कुठे माहीत? तुमचा डबा लागला की मी स्वयंपाकघरात जॅझ ऐकत असते. पहिल्या वर्षी खुर्चीत पूर्ण ऐकला तेवढा पुरला." मग तिच्या चेहऱ्यावर एक हसू हळूहळू पसरलं. असं हसू चाळीस वर्षांच्या संसारात फार तर दोनदा मिळतं. "म्हणजे बघा, सुरुवात लिहिल्यासारखी केली, मग मनाला येईल तिकडे गेलात, शेवटातून मागे, मागून पुढे. याला काय म्हणतात माहितीये? इतकी वर्षं तुम्ही तिकडचंच ऐकताय. जॅझ!"

दादा आधी हसला. मग वहिनी. खुर्ची गदगदू लागली, कारण तीत आडवा माणूस होता. धाकटी आप्पांकडे बघत होती. त्यांनी एक सोललेली चिठ्ठी उचलली. तिच्यावर त्यांच्या तरुणपणच्या टोकदार अक्षरात 'दोन' लिहिलं होतं. त्यांनी ती बोटाला चिकटवली, काढली, परत चिकटवली.

"तुला किती दिवस माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"आणि तरी जुनाच लावा म्हणत होतीस?"

"मला आपलाच आवडतो, आप्पा. मैफलीत मी भांडायला गेले होते. यांच्याशी."

"भांडायला?" आप्पांनी बासूनवाल्याकडे पाहिलं. "काय म्हणून?"

"शेवटचा शब्द माझा असायला हवा म्हणून," तो छताकडे बघत म्हणाला. "तोपर्यंत असं मला कोणी म्हटलं नव्हतं."

आप्पांनी बोटावरची चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग दादाला म्हणाले, "पुढे लाव."

"कुठून?"

"जिथे थांबवलीस तिथून. त्यांच्या क्रमाने."

आणि मग घराने पहिल्यांदा ती सिंफनी सरळ ऐकली. फुलं वेचणारी धून आली, मग एक लंगडत नाचणारा भाग, आणि मधल्या उतारावर बासून आपली चार वाक्यं बोलून गेलं. सवयीने दादा उठायला लागला. वहिनीने त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. ती टक्क जागी होती. माई बशा तशाच हातात घेऊन दारात उभी राहिली होती, न ऐकल्यासारखी, पण आत जातही नव्हती. मग कुठेतरी लांबून जमाव येतोय असं वाटू लागलं. आप्पांचा उजवा हात हळूहळू वर गेला. या वेळी त्याला खूप वेळ वर राहावं लागलं. पंचाहत्तर वर्षांचा हात. धाकटीला वाटलं आता खाली येईल. आला नाही. आणि ढोल, घंटा, शंभर गळे एकदम फुटले तेव्हा तो असा काही खाली आला की एक पेला टेबलावरून उडून सतरंजीवर पडला आणि कोणीही तो उचलला नाही.

संपलं. भिंती अजून गुणगुणत होत्या.

आप्पांनी डोळे पुसले. लपवले मात्र नाहीत. "शेवटी पण चांगला वाटतो की रे शेवट," ते म्हणाले. "मंडळाला काय सांगू आता?"

"सांगा की शेवट सापडला," माई म्हणाली.

तरी कोणी उठेना. जेवण तयार होतं, भूक लागली होती, पण सगळे आपापल्या जागी अवघडून बसले होते, बस थांब्यावर न थांबता पुढे निघून जावी तसे. या घरातलं कोणीही ढोल-घंटांनंतर जेवायला उठलेलं नव्हतं. काय राहिलंय ते धाकटीला कळलं. तिने खाली वाकून खटका दाबला आणि खुर्ची सावकाश सरळ झाली.

बासूनवाल्याने पेटी उघडली, नळ्या एकमेकींत बसवल्या, मुखातली छोटी पत्ती ओठांत धरून ओली केली. मग उभा राहून ती चार वाक्यं बोलला, खर्जात, सावकाश, जणू दाराशी निघालेल्या माणसाला काहीतरी आठवलंय. स्पीकरमधून आलेलं इतकी वर्षं ऐकलं होतं, पण त्यात मधला श्वास कधी ऐकू आला नव्हता. इथे तो आला. शेवटचा सूर थांबला तेव्हा खोली एकदम घरासारखी झाली.

आप्पा उठले. त्यांनी जुना मोठा डबा बंद केला, सोललेल्या चिठ्ठ्या झाकणाच्या आत ओळीने परत चिकटवल्या, एक ते सहा, आणि डबा धाकटीच्या हातात दिला.

"तुमच्या घरी न्या. पण माझ्याच क्रमाने लावायचा. दुसऱ्याच बाजूला शेवट."

"आणि सहाव्या बाजूला बासून," ती म्हणाली.

"ते आता घरातच आहे." आप्पांनी होणाऱ्या जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "सोमवारी सकाळी या. दाढ बघतो."

"आप्पा, तुम्ही निवृत्त झालात," दादा म्हणाला.

"बाहेरच्यांसाठी. खुर्ची इथेच आहे, माणूस घरचा आहे." मग ते जेवणाच्या टेबलाकडे निघाले, दारात थांबले आणि जरा चोरटेपणाने माईला म्हणाले, "केक उरलाय का गं?"

"उरलाय. देऊ?"

आप्पांनी विचार केला.

"आत्ता नको," ते म्हणाले. "जेवण झाल्यावर दे. बघू तरी, शेवटी कसा लागतो."